परिचारिकेनें पूल कोणता निवडावा ?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः कॅलिफोर्निया आणि टेक्सस या दोन मोठ्या राज्यांत, वृद्धांच्या शुश्रूषागृहांतून रात्रंदिवस राबणारा परिचारिकांचा एक मोठा वर्ग आहे. त्या वर्गांतील एक स्त्री कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावी. कॅलिफोर्नियांत तिचें घर, वय अडतीस, नवरा आणि दोन शाळकरी मुलें, पाठीशीं दहा वर्षांच्या नोकरीचा अनुभव. रात्रपाळी संपवून सकाळीं ती घरीं येते, मुलांचे डबे भरते, आणि अंथरुणाला पाठ टेकण्यापूर्वीं एक जाहिरात पुन्हां एकदां वाचते. 'एका वर्षांत रजिस्टर्ड नर्स व्हा' असें तींत ठळक अक्षरांत छापलेलें असतें. पुढें शिकावें कीं नाहीं, हा प्रश्न तिनें केव्हांच सोडविला आहे. कोणत्या वाटेनें शिकावें, हा प्रश्न मात्र सुटत नाहीं. वाट चुकली तर साठविलेला पैसा, अंगांतील उमेद आणि मुलांच्या वाट्याची दोन वर्षें वांया जाणार, हें ती जाणून आहे.

या स्त्रीस तिकडे व्होकेशनल नर्स म्हणतात. हें नांव या दोनच राज्यांत चालतें. इतर राज्यांत त्याच दर्जाच्या परिचारिकेस प्रॅक्टिकल नर्स अशी संज्ञा आहे. तिचें शिक्षण सुमारें एका वर्षाचें. कॅलिफोर्नियांत तें किमान १,५३० तासांचें असावें असा नियम असून त्यांपैकीं ९५४ तास प्रत्यक्ष रुग्णाजवळ घालवावे लागतात. रजिस्टर्ड नर्स ही तिच्या वरची पायरी. कनिष्ठ महाविद्यालयांत सुमारें दोन वर्षें शिकून मिळणारी असोसिएट पदवी, किंवा विद्यापीठाची चार वर्षांची बी. एस्सी., यांपैकीं एक पुरी करून परवान्याच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाल्यावर ही पायरी गांठतां येते. महाराष्ट्रांतील श्रोत्यांस हा भेद ए. एन. एम. आणि जी. एन. एम. या दोन परिचारिकांवरून समजूं शकेल. तुलना तंतोतंत जुळणारी नाहीं. पण एक सहाय्यक आणि दुसरी पूर्ण अधिकाराची, हा दर्जाभेद ध्यानांत येण्यास ती पुरेशी आहे.

हे दोन दर्जे कसे निर्माण झाले, याचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत परिचारिकांची फार टंचाई भासली. थोड्या मुदतींत तयार होणाऱ्या साहाय्यकांवांचून इस्पितळें चालेनात. अशा साहाय्यकांच्या शिक्षणास आणि अधिकारास कायद्याची चौकट असावी म्हणून १९५१ सालीं कॅलिफोर्निया व टेक्सस या दोन्ही राज्यांनीं व्होकेशनल नर्सेसविषयीं कायदे केले. त्याच सुमारास मिल्ड्रेड मोंटॅग या विदुषीनें परिचारिकेस कनिष्ठ महाविद्यालयांत दोन वर्षांत तयार करण्याची योजना मांडली, आणि १९५२ पासून ती कांहीं निवडक संस्थांतून प्रयोगादाखल सुरू झाली. आज रजिस्टर्ड नर्सेसपैकीं पुष्कळजणी ज्या असोसिएट पदवीच्या वाटेनें येतात, ती वाट येथूनच निघाली. म्हणजे नदीचे दोन्ही तीर जवळजवळ एकाच वेळीं आंखले गेले. मधला पूल मात्र नंतर बांधावा लागला.

या दोन तीरांतील अंतर केवळ पगाराचें नाहीं. पहांटे तीन वाजतां एखाद्या वृद्धाचा श्वास जड होतो. व्होकेशनल नर्स नाडी पाहते, रक्तदाब मोजते, काय बदललें तें टिपते आणि तत्काळ वरिष्ठांस कळविते. तिची नजर तयार असते. पुष्कळदां बदल प्रथम तिच्याच लक्षांत येतो. परंतु रुग्णाची समग्र तपासणी करून त्याच्या स्थितीचा अर्थ लावणें, शुश्रूषेची योजना आंखणें, प्रसंगीं ती बदलणें आणि त्या निर्णयाची जबाबदारी शिरावर घेणें, हें काम रजिस्टर्ड नर्सचें आहे. कॅलिफोर्नियांत वेगळें प्रमाणपत्र मिळविल्यास व्होकेशनल नर्सला शिरेंत सुई घालून सलाइन लावतां येतें. पण शिरेंतून औषध देण्याचा अधिकार तिला सामान्यतः नसतो. मोठ्या इस्पितळांचीं दारें तिला अर्धवटच उघडीं असतात तीं याच कारणानें. वेतनांतील तफावतहि लहान नाहीं. अमेरिकेच्या श्रमखात्यानें मे १९२४ चे नव्हे, तर मे २०२४ चे म्हणून जे आंकडे दिले, त्यांत मधल्या क्रमांकाच्या रजिस्टर्ड नर्सचें वार्षिक वेतन ९३,६०० डॉलर आणि व्होकेशनल किंवा प्रॅक्टिकल नर्सचें ६२,३४० डॉलर असें दाखविलें आहे. वर्षाला तीस हजारांहून अधिक डॉलरांचा हा फरक एका कुटुंबाचें जीवनमान पालटून टाकण्यास पुरेसा आहे.

व्होकेशनल नर्सनें पहिल्या धड्यापासून पुन्हां आरंभ करावा, हें न्यायाचें नव्हे. बिछाना कसा करावा, जखम कशी बांधावी, इंजेक्शन कसें द्यावें, हें ती वर्षानुवर्षें करीत आलेली असते. म्हणून तिचें पूर्वीचें शिक्षण जमेस धरून तिला मधूनच वरच्या वर्गांत घेणारे अभ्यासक्रम निघाले. त्यांना तिकडे 'ब्रिज', म्हणजे पूल, असेंच म्हणतात. या पुलांचे मुख्य प्रकार तीन.

पहिला पूल असोसिएट पदवीचा. यांत परिचारिकेस एक संक्रमणाचा लहान अभ्यासक्रम पुरा करून दोन वर्षांच्या शिक्षणक्रमाच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळतो. दुसरा पूल बी. एस्सी. चा. तो अधिक लांब. कारण परिचर्येच्या विषयांबरोबर विद्यापीठाचे सामान्य विषयहि पुरे करावे लागतात, आणि समाजारोग्य, संशोधन, व्यवस्थापन यांचा अभ्यास त्यांत असतो. तिसरा पूल केवळ कॅलिफोर्नियांतला. तेथील कायद्यानें व्होकेशनल नर्सकडून ३० युनिटांहून अधिक शिक्षण न मागतां तिला रजिस्टर्ड नर्सच्या परीक्षेस बसूं द्यावें, अशी सोय ठेविली आहे. युनिट म्हणजे महाविद्यालयीन अभ्यास मोजण्याचें माप. शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजंतुशास्त्र आणि परिचर्येचे कांहीं वरच्या दर्जाचे विषय एवढेंच त्यांत येतें. पदवी मिळत नाहीं, परवाना मात्र मिळतो.

पुलावर पाय ठेवण्याआधीं कांहीं दरवाजे ओलांडावे लागतात, आणि जाहिराती नेमक्या त्यांविषयीं मौन पाळतात. पदवीच्या दोन्ही मार्गांना शरीररचना, शरीरक्रिया व सूक्ष्मजंतुशास्त्र हे प्रयोगशाळेसह शिकलेले विषय, इंग्रजी लेखन, मानसशास्त्र इत्यादि आधींच पुरे केलेले असावे लागतात. नोकरी सांभाळून हे विषय करतांना एक वर्ष सहज जातें, कधीं दोन. 'एका वर्षांत' या शब्दांतील वर्ष त्यानंतर सुरू होतें. व्होकेशनल शाळेंतील तास महाविद्यालयाच्या युनिटांत पुष्कळदां जमा होत नाहींत, हा दुसरा धक्का. तिसरा असा कीं, कित्येक महाविद्यालयें पांच किंवा सात वर्षांपूर्वीं केलेले शास्त्रविषय जुने म्हणून नाकारतात. मग प्रवेशपरीक्षा, तींत वाचन, गणित, शास्त्र आणि इंग्रजी यांची पारख होते. हें सर्व जमलें तरी दुसऱ्या वर्षाच्या वर्गांत जागा रिकामी पाहिजे. पुष्कळ सार्वजनिक महाविद्यालयांत पुलावरील विद्यार्थिनीस, वर्गांतील कोणी गळल्यानें जागा झाली तरच घेतात. म्हणून अभ्यासक्रम किती महिन्यांचा, असें विचारण्यापेक्षां आज अर्ज केल्यास परवाना हातीं येईपर्यंत एकंदर किती काळ जाईल, असें विचारणें शहाणपणाचें होय.

तीस युनिटांच्या तिसऱ्या पुलाविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण मोह तेथें आहे आणि धोकाहि तेथेंच आहे. हा मार्ग सर्वांत आंखूड. कायद्याच्या दृष्टीनें त्यानें मिळणारा परवाना खरा. कॅलिफोर्नियांत त्या परिचारिकेस रजिस्टर्ड नर्सचे सर्व अधिकार मिळतात. परंतु ती कोणत्याहि परिचर्या-महाविद्यालयाची पदवीधर ठरत नाहीं. अन्य राज्यांपैकीं कित्येक राज्यें परवाना देण्यापूर्वीं पदवी किंवा पदविका मागतात. त्यांच्या सीमेवर हा परवाना निरुपयोगी ठरतो. माजी सैनिकांसाठीं केंद्र सरकार जीं इस्पितळें चालवितें, तेथें मान्यताप्राप्त परिचर्याशाळेची पदवीधर असणें आवश्यक असतें. तें दारहि बंद राहतें. वरचें शिक्षण देणाऱ्या विद्यापीठांतहि प्रवेशास अडथळा येऊं शकतो. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट ही कीं, पुढें तिनें पदवी मिळविली तरी मूळ परवाना कोणत्या मार्गानें मिळाला, ही नोंद पालटत नाहीं. कॅलिफोर्नियाच्या रजिस्टर्ड नर्सिंग मंडळानें स्वतःच या मर्यादेची सूचना देऊन ठेविली आहे. ती न वाचतांच अर्ज भरला तर दोष मंडळाचा नव्हे.

यावरून हा मार्ग सर्वस्वीं त्याज्य, असेंहि ठरत नाहीं. पंचावन्न वर्षांची एखादी परिचारिका आहे. तिचें घर, नातवंडें, सारें कॅलिफोर्नियांत. ज्या संस्थेंत ती वीस वर्षें नोकरीस आहे ती संस्था परवाना मिळतांच तिला वरच्या जागेवर घेण्यास लेखी तयार आहे. अशा स्त्रीनें उरलेल्या दहा वर्षांच्या नोकरीसाठीं आंखूड पूल निवडला तर तो व्यवहार चोख म्हणावा लागेल. मात्र ज्या स्त्रीच्या नवऱ्याची बदली उद्यां टेक्सस राज्यांत होण्याचा संभव आहे, तिच्यासाठीं हाच पूल अर्ध्यावर तुटलेला आहे. पूल तोच, चालणारी निराळी.

राज्याराज्यांतील हा फरक भारतीय श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. अमेरिकेंत परिचारिकेचा परवाना केंद्र सरकार देत नाहीं. प्रत्येक राज्य आपापला देतें. परीक्षा मात्र देशभर एकच असते. कॅलिफोर्नियांत व्होकेशनल नर्सेसचें मंडळ वेगळें आणि रजिस्टर्ड नर्सेसचें वेगळें. म्हणून पूल ओलांडतांना एका दप्तरांतून निघून दुसऱ्या दप्तरांत जावें लागतें. टेक्सस राज्यानें २००४ सालीं दोन्ही मंडळें एकत्र केलीं. शिवाय कित्येक राज्यांनीं आपसांत करार करून एका राज्याचा परवाना दुसऱ्यांत चालेल अशी व्यवस्था केली आहे. टेक्सस त्या करारांत सामील आहे. कॅलिफोर्नियानें मात्र आपली वाट वेगळी ठेविली आहे. तेव्हां पांच वर्षांनीं आपलें बिऱ्हाड कोठें असेल, हा प्रश्न वरवर घरगुती दिसला, तरी पुलाच्या निवडींत त्याचा मान पहिला आहे.

मार्ग ठरल्यावर संस्थेची परीक्षा करावयाची. येथें क्रम महत्त्वाचा आहे. संस्थेच्या कचेरींत जाण्यापूर्वीं राज्याच्या मंडळाची यादी पाहावी. त्या यादींत नांव नसेल, तर पुढें एक पाऊलहि टाकूं नये. कारण मान्यता नसलेल्या शाळेचें प्रमाणपत्र घेऊन परीक्षेस बसतांच येत नाहीं. राज्याच्या मान्यतेशिवाय राष्ट्रीय पातळीवरील गुणवत्तेची मान्यता निराळी असते. ती देणाऱ्या दोन संस्था प्रमुख आहेत : अक्रेडिटेशन कमिशन फॉर एज्युकेशन इन नर्सिंग आणि कमिशन ऑन कॉलेजिएट नर्सिंग एज्युकेशन. यांपैकीं दुसरी केवळ बी. एस्सी. आणि तिच्या वरच्या अभ्यासक्रमांस मान्यता देते. ज्या परिचारिकेस पुढें बी. एस्सी. किंवा एम्. एस्सी. करावयाची आहे, तिनें ही दुसरी मान्यता गौण समजूं नये. आज ती नसल्यानें कांहीं अडत नाहीं. उद्यां विद्यापीठाच्या दारांत अडतें.

त्यानंतर परीक्षेचा निकाल पाहावा. रजिस्टर्ड नर्सच्या परीक्षेस एनक्लेक्स म्हणतात; ती भारतांतील केंद्रांवरहि देतां येते. ती संगणकावर होते आणि तिची रीत मोठी चतुर आहे. उत्तर बरोबर आलें कीं पुढील प्रश्न अधिक कठीण येतो. चुकलें कीं सोपा. उमेदवाराची योग्यता निश्चित ठरतांच संगणक थांबतो. एप्रिल २०२३ पासून प्रश्न किमान ८५ व कमाल १५० असतात आणि वेळ पांच तासांचा. प्रत्येक शाळेच्या किती विद्यार्थिनी पहिल्याच प्रयत्नांत उत्तीर्ण झाल्या, हें कॅलिफोर्नियाचें मंडळ प्रसिद्ध करतें. तेथें शाळेनें किमान ७५ टक्के राखावे असा नियम आहे. टेक्ससमध्यें तीच मर्यादा ८० टक्के आहे. एका वर्षाच्या आंकड्यावर भिस्त न ठेवतां चार-पांच वर्षांचे आंकडे ओळीनें पाहावे. आणि जोडीनें आणखी एक प्रश्न विचारावा : वर्गांत आलेल्यांपैकीं शेवटपर्यंत टिकल्या किती ? कच्च्या विद्यार्थिनींस परीक्षेपर्यंत पोहोंचूंच न देतां निकाल उंच ठेवणें कोणत्याहि शाळेस अवघड नसतें. हा हिशेब शिक्षणक्षेत्रांतील मंडळींस नव्यानें सांगावयास नको.

तिसरी कसोटी रुग्णाजवळच्या शिक्षणाची. पुस्तकी भाग घरबसल्या संगणकावर शिकण्याची सोय आतां पुष्कळ ठिकाणीं झाली आहे, आणि रात्रपाळीच्या स्त्रीस ती वरदानासारखी वाटते. परंतु बाळंतिणीची, मुलांची, मनोरुग्णांची व शस्त्रक्रियेच्या रुग्णांची शुश्रूषा पडद्यावर पाहून येत नाहीं. कॅलिफोर्नियाच्या नियमांप्रमाणें एखादा विषय वर्गांत शिकविला जात असतांनाच त्याचें प्रत्यक्ष कामहि रुग्णाजवळ झालें पाहिजे. दुसऱ्या राज्यांतील संस्थेचा अभ्यासक्रम या नियमांत न बसल्यास तो पुरा करूनहि येथें परवान्याची अडचण होते. तेव्हां कोणत्या इस्पितळांशीं शाळेचा करार आहे, तीं घरापासून किती मैलांवर आहेत, आणि तेथील पाळी कोणत्या वारीं व किती वाजतां असते, हें लिहून मागावें. 'इस्पितळ तुम्हीच शोधा' असें उत्तर मिळालें, तर त्या शाळेस नमस्कार करून परतावें.

पैशाचा विचार आतां करावा. कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालयांत तेथील रहिवाशांस एका युनिटास ४६ डॉलर फी पडते. तीस युनिटांचे १,३८० डॉलर झाले. पुस्तकें, गणवेश, तपासण्या, परीक्षेचें शुल्क वेगळें. खाजगी नफेखोर संस्थांत तोच पूल कित्येक हजार डॉलरांस पडतो. खाजगी शाळेस कोणी वेडेपणानें जात नाहीं. तेथें जागा लौकर मिळते, आणि वर्षभर आधीं वाढलेलें वेतन हातीं येतें, हेंहि हिशेबांत धरलें पाहिजे. मात्र एकंदर खर्चाचा आंकडा, मधेंच सोडावें लागल्यास परत मिळणारी रक्कम आणि कर्जाचें व्याज हीं तीनहि कागदावर घ्यावीं. पुष्कळ इस्पितळें आपल्या नोकरांच्या शिक्षणाचा खर्च सोसतात. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या अशा मदतीवर केंद्राचा प्राप्तिकर पडत नाहीं. तिच्या मोबदल्यांत कांहीं वर्षें तेथेंच नोकरी करण्याची अट असते. ती वाचूनच सही करावी.

पूलच नको, पैलतीराचा कागद विकत घ्यावा, असा विचार करणारे लोक निघतात, याचा दाखला अमेरिकेच्या दुसऱ्या टोकास, फ्लॉरिडा राज्यांत मिळाला. २०२३ च्या जानेवारींत केंद्र सरकारनें तेथील तीन परिचर्याशाळांच्या व्यवहारासंबंधांत पंचवीस जणांवर आरोप ठेविले. सात हजार सहाशेंहून अधिक खोटीं प्रमाणपत्रें विकलीं गेलीं, असा तो आरोप होता. घेणाऱ्यांत रजिस्टर्ड नर्स होऊं पाहणाऱ्या प्रॅक्टिकल नर्सेसहि होत्या. या प्रकरणास 'ऑपरेशन नाइटिंगेल' असें नांव पडलें, हा दैवदुर्विलास. ज्या बाईनें १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत परिचर्येच्या शिस्तबद्ध शिक्षणाचा पाया घातला, तिचेंच नांव या बाजारास चिकटलें. प्रमाणपत्र विकत घेणाऱ्यांपैकीं कित्येकजण परीक्षाहि उत्तीर्ण झाले. येथें विचार करण्यासारखें पुष्कळ आहे. प्रश्नांचीं उत्तरें पाठ होतात. पण तपासणीपूर्वींच रुग्णाच्या चेहऱ्यावरची कळा ओळखणें हें त्या शेंकडों तासांतच येतें, जे या मंडळींनीं टाळले. पुढें राज्याराज्यांच्या मंडळांनीं अशा परवान्यांची चौकशी आरंभिली. पैसा गेला, परवान्यावर गदा आली. आणि ज्या रुग्णांनीं त्यांच्या हातीं आपला जीव सोंपविला होता, त्यांस याची वार्ताहि नव्हती.

आतां असोसिएट पदवी कीं बी. एस्सी., हा प्रश्न उरतो. परवाना दोघींचा एकच आणि परीक्षाहि एकच. पण नोकरी देणाऱ्यांची नजर बदलत गेली आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकिन यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह २००३ सालीं त्या राज्यांतील १६८ इस्पितळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या इस्पितळांत बी. एस्सी. झालेल्या परिचारिकांचें प्रमाण दहा टक्क्यांनीं अधिक, तेथें शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूची शक्यता पांच टक्क्यांनीं कमी, असें त्यांत आढळलें. २०१० सालीं देशाच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननें २०२० पर्यंत ऐंशीं टक्के परिचारिका बी. एस्सी. असाव्या अशी शिफारस केली. आणि न्यूयॉर्क राज्यानें २०१७ च्या अखेरीस, नव्या रजिस्टर्ड नर्सनें दहा वर्षांत बी. एस्सी. व्हावें, असा कायदाच केला. म्हणून मोठीं इस्पितळें बी. एस्सी. स अग्रक्रम देतात. तथापि घरसंसाराचा भार असलेल्या स्त्रीनें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. असोसिएट पदवी घेऊन, परवाना मिळवून, वाढलेल्या पगारावर नोकरी करीत उरलेली बी. एस्सी. पुढें करतां येते. त्यासाठीं सवलतीचे अभ्यासक्रम जागोजाग आहेत. पायरी पायरीनें चढण्याची ही रीत सामान्य कुटुंबास अधिक झेपते. अट एकच : पहिली पायरी अशा महाविद्यालयाची असावी, कीं जिचे युनिट पुढील विद्यापीठ मान्य करील.

या सर्व कागदपत्रांच्या पलीकडे आणखी एक गोष्ट आहे, आणि पुलावरून जाऊन आलेल्या परिचारिका तिलाच सर्वांत कठीण मानतात. वर्षानुवर्षें काम केलेल्या हातांस नवें काम शिकणें जड जात नाहीं. जड जातें तें मनास. कालपर्यंत 'काय करूं ?' असें विचारणाऱ्या व्यक्तीस आज 'असें करा' म्हणून सांगावें लागतें. परीक्षेंतहि दहा वर्षांच्या सवयीचें उत्तर पुष्कळदां चुकीचें ठरतें, कारण प्रश्न काय करावें याचा नसून प्रथम कोणता रुग्ण पाहावा आणि कां, याचा असतो. संक्रमणाचा जो लहानसा अभ्यासक्रम पुष्कळजणी कटकट म्हणून उरकतात, त्याचें प्रयोजन हेंच. चांगली संस्था त्यावर वेळ घालविते. उतावळी संस्था तो दोन शनिवारांत संपविते. दोन संस्थांत इतर सर्व गोष्टी समान असतील, तर एवढ्या एका खुणेवरून निवड करण्यास हरकत नाहीं.

आरंभीं कल्पिलेल्या त्या स्त्रीकडे आतां परत वळावें. जाहिरात बाजूस ठेवून तिनें एका कागदावर चार ओळी लिहिल्या, असें समजूं. नवऱ्याच्या कामामुळें टेक्सस राज्यांत जावें लागण्याचा संभव आहे. म्हणून तीस युनिटांचा मार्ग बाद. सूक्ष्मजंतुशास्त्र शिकून अकरा वर्षें झालीं. तें पुन्हां करावें लागणार. सार्वजनिक महाविद्यालयांत जागेसाठीं थांबावें लागेल. पण त्या थांबण्याच्या वर्षांतच शास्त्रविषय पुरे होतील, म्हणजे तें वर्ष फुकट जाणार नाहीं. धाकटा मुलगा तोंवर माध्यमिक शाळेंत जाईल. एकंदर तीन वर्षें. जाहिरातींतल्या एका वर्षापेक्षां हा आंकडा मोठा आहे. परंतु तो खरा आहे, आणि खऱ्या आंकड्यावर संसाराची घडी बसवितां येते.

धांवत्याला शक्ति यावी, पण दिशा आधीं ठरलेली असावी. पुलाची लांबी मोजून पूल निवडणारा मनुष्य प्रवासाच्या पहिल्या दिवशीं आनंदांत असतो. तो जेथें उतरवितो ती जागा पाहून निवडणारा शेवटच्या दिवशीं. परिचारिकेच्या बाबतींत तर त्या शेवटच्या दिवसानंतर खरें काम सुरू होतें. पहांटे तीन वाजतां कोणाचा तरी श्वास जड होतो, आणि या वेळीं निर्णय तिलाच करावयाचा असतो.